पाच नऊ

शुक्रवारी दुपारी सव्वातीनला, चौदाव्या धड्याच्या सहाव्या मिनिटाला शंतनूनं लॅपटॉप फाटकन मिटला, उठला, स्वयंपाकघरात गेला आणि माठातलं ग्लासभर पाणी घटाघटा प्यायला. तहान लागलेली नव्हती. परत येऊन खुर्चीत बसला, लॅपटॉप उघडला, तेच सहावं मिनिट पुन्हा लावलं. पडद्यावरचा तो दाढीवाला परदेशी पोरगा, असेल अठ्ठावीस-तिशीचा, मागं कुंडीत काहीतरी हिरवं लावलेलं, हातात कॉफीचा मग, पुन्हा तेच म्हणाला. आकडा कितीही मोठा द्या, त्यानं काही होत नाही. आणि वर हसला. शिकवता शिकवता माणूस हसतो तसाच हसला बिचारा, पण शंतनूला वाटलं, मेल्यानं आपल्याकडंच बघून दात काढले. त्यानं पुन्हा लॅपटॉप मिटला. आता पाणी प्यायलासुद्धा पोटात जागा नव्हती.

गोष्ट तशी एवढीशी. चिकलठाण्याकडच्या ज्या कंपनीत शंतनू चौदा वर्षं वेबसाइटी बनवत होता, तिथं नव्या पोरांसाठी सीएसएसचा एक ऑनलाइन कोर्स घ्यायचं घाटत होतं. सीएसएस म्हणजे वेबपानाचं रंगरूप सांगणारी भाषा. काय कुठं बसेल, किती रुंद दिसेल, कशाच्या वर काय येईल, सगळं तिच्यात लिहायचं. टीमचा प्रमुख वरद. वय एकतीस. सात वर्षांपूर्वी हाच वरद शंतनूच्या शनिवारच्या वर्गात पहिल्या खुर्चीवर बसून वही भरायचा, म्हणून अजून ‘सर’ म्हणतो. सोमवारी त्यानं बोलावलं आणि खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, ‘‘सर, तुमच्याइतकं हे इथं कुणाला कळतंय? आठवडाभर घरूनच काम करा, निवांत बघा, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म भरून द्या. तुम्ही चांगला म्हणालात तर घेऊ. मग तुमचा शनिवारपण मोकळा होईल.’’ मोकळा! किती गोड शब्द. अकरा वर्षं दर शनिवारी दहा ते बारा, तिसऱ्या मजल्यावर, शंतनू नव्या पोरांना शिकवत आला होता. कुणी सांगितलं नव्हतं, हौसेनं. बाकीचे पाच दिवस कंपनीत त्याला कोण विचारतंय? नवी नवी अवजारं आली, ती त्यानं शिकायची म्हणता म्हणता राहून गेली. मीटिंगमध्ये तो आता पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत बसायचा. पण शनिवारी दहाला तो वर्गात शिरला की आठ-दहा पोरं सावरून बसायची. तेवढं एक होतं. तेवढ्यावर आठवडा निघायचा. आणि आता तेवढ्याचाच निकाल त्यानंच लिहून द्यायचा होता, दहापैकी गुण देऊन.

आणि त्या वर्गात पहिल्या दिवशी तो काय शिकवायचा? पाच नऊ. वेबपानावर एकावर एक थर असतात. खाली चित्र, त्यावर मजकूर, त्यावर मेनू. कोण वर, कोण खाली, हे आकड्यानं ठरतं. मोठा आकडा वर. मेनू झाकला जायला लागला की नवी पोरं घाबरतात, दहा देतात, शंभर देतात. शंतनू फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचा, ९९९९९. ‘‘याच्या वर कुणी नाही. देव पण नाही,’’ म्हणायचा. पोरं हसायची. हा त्याचा अकरा वर्षांचा ठरलेला विनोद. मग पोरांनी केलेलं काम तपासताना तो बोट ठेवून बघायचा, पाच नऊ आहेत ना? आहेत? शाब्बास. कंपनीत याला नावच पडलं होतं, सरांचे पाच नऊ. कधी कधी तेवढं करूनही मेनू वर यायचा नाही, तेव्हा तो म्हणायचा, ब्राउझरनं जुनं पान धरून ठेवलंय, पुसा आणि परत उघडा. नाहीच आला तर मेनूच उचलून पानाच्या पार शेवटी नेऊन टाकायचा. तिथं तो दिसायचा. का दिसायचा, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही. दिसतोय ना, मग झालं. नाचता येईना अंगण वाकडं, पण अंगणाला काय तोंड आहे बोलायला?

तर त्या दाढीवाल्यानं दोन फायली घेतल्या. खऱ्याखुऱ्या, पुठ्ठ्याच्या. एकीवर एक ठेवल्या. खालच्या फायलीतला सगळ्यात वरचा कागद काढून दाखवला, त्यावर लालभडक नऊच नऊ लिहिलेले, आणि परत खालच्याच फायलीत ठेवला. झालं. तो कागद आपल्या फायलीत कितीही वर असू दे, वरच्या फायलीतल्या सगळ्यात खालच्या कागदाच्याही खालीच राहणार. आकडा मोजला जातो तो फायलीच्या आत. तेव्हा कागदाला काय विचारता, फाइल कुठं आहे ते बघा. सात मिनिटांत संपलं. शंतनूनं स्वतः पडद्यावर त्या फायलींसारखे दोन डबे काढून बघितले. खालच्या डब्यात मेनू ठेवला, त्याला पाच नऊ दिले. वर आला नाही. सहा नऊ दिले. नाही. वरच्या डब्याला नुसता एक आकडा होता, ‘एक’. तो एक त्या नवांच्या छातीवर बसून होता. शंतनूनं जुनं पान पुसून परत उघडलं, सवयीनं, आणि स्वतःचीच लाज वाटून हात मागं घेतला. अकरा वर्षं. वर्षाला दहा पोरं धरली तरी शंभरावर गेली. आणि आपण त्यांना काय दिलं, तर एक जादूटोणा.

मग मुबश्शिरा आठवली. आठवली कसली, ती तर तिथंच उभी होती कधीची, हा बघत नव्हता. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शहागंजातली पोरगी, बापाचं घड्याळाचं दुकान, बोलायची कमी. नोकरीला लागून तीन महिने झाले होते. एका रुग्णालयाच्या वेबसाइटचं काम होतं, मेनू मोठ्या चित्राखाली जात होता. हिनं पाच नऊ दिले नव्हते. शंतनूनं सगळ्यांसमोर विचारलं, का नाही दिले? ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘‘सर, आकडा वाढवून नाही होणार. मेनू ज्या डब्यात आहे त्याला जी सरकायची ओळ लावलीय ना, तिच्यामुळं तो डबा वेगळा पडलाय. ती काढली की मेनू येतो.’’ आणि तिनं ती ओळ काढली, आणि मेनू आला. सगळ्यांनी बघितलं. शंतनूनंही बघितलं. आणि काय म्हणाला तो? ‘‘तुझ्या ओळीनं नाही आला. मघाशी मी पान पुसलं होतं, म्हणून आला.’’ मग आवाज चढवून म्हणाला, ‘‘तीन महिने झालेत तुला. आधी सांगितलेलं करायला शिक.’’ ती ‘जी सर’ म्हणून बसली. तिनं पाच नऊ टाकले. सहा महिन्यांनी तिला कायम करायचं की नाही याचा कागद त्याच्याकडं आला, तेव्हा त्यानं लिहिलं, ‘काम बरं, पण टीमशी जुळवून घेत नाही.’ एकच वाक्य. ते लिहिताना आपण अगदी न्यायानं वागतोय असं त्याला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. तिला कायम केलं नाही. जायच्या दिवशी तिनं सगळ्यांना डब्यातला शीरखुर्मा दिला होता, यालाही दिला होता. यानं वाटी चाटून पुसून खाल्ली होती.

तो उठला. गॅलरीत गेला, सुकलेले कपडे काढून आत आणून टाकले, पुन्हा बाहेर गेला. समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं होतं. आत येऊन त्यानं फॉर्म उघडला. पाचच प्रश्न. पहिल्यात गुण. दुसरा प्रश्न वरदनं स्वतः घातलेला असावा: ‘आपण सध्या जे शिकवतो त्यात नसलेलं या कोर्समध्ये काय आहे?’ शंतनूनं तो ओलांडला आणि खालचं भराभर लिहून काढलं. शिकवणारा फार भरभर बोलतो. उच्चार आपल्या मुलांना कळणार नाहीत. उदाहरणं परदेशी आहेत. प्रश्न विचारायची सोय नाही. समोर माणूस लागतो. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हीच तर गंमत. सगळं खरं लिहूनही लबाडी करता येते, याचं त्याला नवल वाटलं. पहिल्या चौकटीत चार गुण भरले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाठवायच्या बटणावर बाण नेऊन ठेवला आणि तो तसाच बघत बसला.

नीरजा, त्याची बायको, शाळेतून आली तेव्हा तो असाच बसला होता. ती पर्स टेकवत म्हणाली, ‘‘काय हो, कुणाचा फोन आला होता का? चेहरा का असा?’’

‘‘काही नाही. तो कोर्स.’’

‘‘फालतू आहे का?’’

‘‘नाही ना. चांगला आहे.’’

‘‘मग?’’

मग काय? तिला काय सांगायचं? दोन फायली, एक कागद? ती म्हणाली असती, एवढंच ना! ती दहावीला भूमिती शिकवते. तिचं चुकलं की पोरं लगेच ओरडतात, ‘मॅडम, कोन चुकला,’ आणि ती फळा पुसून ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणून पुढं जाते. तिला या दुखण्याचं नाव कळलं नसतं. हे दुखणं बापाकडून आलेलं.

बाप, लक्ष्मण गुरुजी, घरात दादा, सोयगावच्या शाळेत होते. घराणं भिक्षुकीचं, मातीला कधी हात न लागलेला. पण गुरुजी म्हणजे गुरुजी, गावानं देव्हाऱ्यात बसवलेले. शंतनू त्यांच्याच वर्गात, चौथीत. एके दिवशी गुरुजींनी सांगितलं, कापसाचं फूल पांढरं असतं. पुस्तकातही पांढरंच होतं. मागच्या रांगेतून कडुबा उठला, हातभर सदऱ्याचा कडुबा, आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, पयल्या दिशीच पांढरं ऱ्हातं. दुसऱ्या दिशी ते गुलाबी व्हतं.’’ वर्ग हसला. कोणाला हसला ते गुरुजींना समजलं नाही, आणि समजलं नाही म्हणूनच कडुबाच्या पाठीत रट्टा बसला. पोरगं तास संपेपर्यंत दाराबाहेर उन्हात उभं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी शंतनूचं बोट धरून शाळेला निघाले ते नेहमीच्या वाटेनं नाही, बांधाबांधानं. एका शेताजवळ थांबले. धोतर सावरून आत शिरले, वाकले. एकाच झाडावर दोन फुलं होती, एक पांढरं, एक गुलाबी, गुलालाचं बोट लागल्यासारखं. शंतनू आनंदानं ओरडला, ‘‘दादा, गुलाबी!’’ दादांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ‘‘चल, उशीर होतोय,’’ एवढंच म्हणाले. शंतनूला वाटलं, आता वर्गात गेल्या गेल्या ते कडुबाला जवळ बोलावतील. दादांनी हजेरी घेतली. कडुबा, हजर. मग दादांनी पाढे घ्यायला सुरुवात केली. बापावर त्याचा जीव होता, शेवटच्या आजारपणात त्यानंच सगळं केलं. पण त्या सकाळी हजेरीनंतर जी एक चूप पडली होती ती त्याला कधी माफ करता आली नाही. आणि आज इथं, सिडकोतल्या दुसऱ्या मजल्यावर, चार गुण भरून हा दिवटा बसला होता. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं होतं.

साडेपाचला तो चप्पल घालून खाली उतरला. कॅनॉटच्या बाजाराकडं निघाला, तिथल्या गर्दीनं जीव उबगला म्हणून परत फिरला, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. मुबश्शिराचा नंबर फोनमध्ये होता. तिचं पुढं चांगलं झालं होतं, पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीचं काम ती इथूनच करते, हे त्याला माहीत होतं. तिचं प्रोफाइल त्यानं अधूनमधून बघितलं होतं, चोरून बघावं तसं. तीनदा नंबर काढला, तीनदा फोन खिशात घातला. चौथ्यांदा लावला. लागू नये असं मनापासून वाटत असतानाच लागला.

‘‘हां सर! बोला ना. किती दिवसांनी!’’ मागं माणसांची गजबज होती. ‘‘दवाखान्यात आलेय, अम्मीला दाखवायला. नंबर लागायचाय अजून. बोला.’’

‘‘काही नाही गं, सहज. एक कोर्स बघतोय, सीएसएसचा. तुझं मत विचारावं म्हटलं.’’ त्यानं नाव सांगितलं.

‘‘अरे, तो? बहोत अच्छा आहे सर. मी आमच्या टीमला लावला तो.’’ ती थांबली. ‘‘चौदावा धडा आवर्जून बघा त्यातला.’’

रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली, ती जाईपर्यंत त्याला बोलायचं नव्हतं. ती गेली. ‘‘बघितला,’’ तो म्हणाला. ‘‘मुबश्शिरा, त्या वेळी तू...’’

‘‘सर, जुनं जाऊ द्या ना. मला ती वेबसाइट पण नीट आठवत नाही आता.’’ आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. ‘‘तुम्ही कागदावर जे लिहिलं होतं ना, जुळवून घेत नाही, ते फक्त ध्यानात राहिलं. खूप दिवस मी मीटिंगमध्ये बोलायचीच नाही. वाटायचं, बोललं की परत कोणी तसं लिहील.’’ मग कुणाला तरी ‘आयी अम्मी, आयी’ म्हणाली. ‘‘नंबर आला सर. ठेवू का? भाभीला सलाम सांगा.’’

माफी मागायची राहूनच गेली. मागायची म्हणून फोन केला होता आणि मागितली काय, तर कोर्सची माहिती! तो पायरीवर किती वेळ बसला कोण जाणे. ती रडली असती, चार शब्द सुनावले असते तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं बायकोला सलाम सांगितला होता. त्याला आत कुठंतरी इतकं दुखलं की त्यानं खरोखरच छातीवर हात ठेवला, आणि समोरून जाणारा एक म्हातारा थांबून विचारता झाला, ‘‘क्या हुआ मियाँ, ठीक है ना?’’ ठीक है, म्हणाला आणि उठला.

घरी येऊन त्यानं खालची सगळी खरी वाक्यं खोडली. एक ठेवलं, भरभर बोलतो ते, कारण बोलतोच. गुणांत नऊ भरले. दुसऱ्या प्रश्नापुढं लिहिलं, ‘थरांच्या आकड्यांबद्दल मी अकरा वर्षं चुकीचं शिकवलं. या कोर्समध्ये ते बरोबर आहे. माझा वर्ग बंद करावा.’ वाचून बघितलं नाही. वाचलं असतं तर पाठवलं नसतं. पाठवलं. दोन मिनिटांत वरदचा नुसता अंगठा आला. नीरजानं खिचडी वाढली. तो जेवला, पण काय जेवला हे त्याला सांगता आलं नसतं. उद्या दहाला पोरांसमोर उभं राहून तोंडानं सांगायचं होतं. फॉर्म वरदला गेला होता, पोरांना नाही. हजेरी घेऊन पाढे सुरू करायची वाट अजून मोकळीच होती.

शनिवारी दहाला वर्गात नऊ पोरं होती. तो शिरला, सावरून बसली. त्यानं फळा पुसला, जो आधीच पुसलेला होता. खडू उचलला, ठेवला. पुढच्या खुर्चीवर प्रेरणा होती, या खेपेतली सगळ्यात चटपटीत, चाळीसगावकडची, पोटात काही न ठेवणारी. तिच्याकडं बघणं टाळून तो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणाला, ‘‘आज एक सांगायचंय. पहिल्या दिवशी मी तुम्हाला पाच नऊ शिकवले. ते चूक आहे. आकडा मोठा दिल्यानं काही वर येत नाही. मला ते कळलेलं नव्हतं. माझ्या आधीच एका मुलीला कळलं होतं, मुबश्शिरा तिचं नाव, मी तिला सगळ्यांसमोर गप्प बसवलं आणि तिची नोकरी घालवली. तिचं बरोबर होतं. माझं चूक होतं.’’

बोलून झालं. हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. आता पोरं चमकतील, एकमेकांकडं बघतील, कुणीतरी विचारेल, मग बरोबर काय सर? तो फायलींचं उदाहरण मनात जुळवू लागला. पण कुणी चमकलं नाही. मागं एक जण खाली मान घालून बूट घासत राहिला. शेवटी प्रेरणा म्हणाली, ‘‘सर, आम्हाला माहिताय ते.’’

‘‘काय माहिताय?’’

‘‘पाच नऊनं काही होत नाही ते. मेनू ज्या डब्यात असतो त्या डब्यालाच आम्ही आकडा देतो, दोन-तीन असा. तेवढा पुरतो.’’ ती अडखळली, मागं वळून बघितलं, कुणी मदतीला येईना तेव्हा एकदम बोलून मोकळी झाली. ‘‘लागल्या दिवशीच सांगतात सर, आधीचे लोक. सर तपासायला आले की मेनूला पाच नऊ लावून ठेवायचे. सर गेले की काढायचे.’’

‘‘आधीचे म्हणजे कोण?’’

‘‘आधीचे म्हणजे... आम्हाला त्यांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. कधीपासून ते नाही माहीत. लई आधीपासून असणार.’’ तिनं घाईनं भर घातली, ‘‘वाईट म्हणून नाही हो सर. तुम्हाला बरं वाटायचं म्हणून.’’

वरद पहिल्या खुर्चीवर बसून वही भरायचा. वर्षाला दहा पोरं. शाब्बास, म्हणायचा हा, बोट ठेवून. शंतनूला रागही येईना. तो प्रेरणाच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला, दर शनिवारी राहायचा तसा. तिच्या लॅपटॉपवर एका साडीच्या दुकानाचं पान उघडं होतं, मोठ्या चित्रावर मेनू उतरलेला, व्यवस्थित. शेजारच्या खिडकीत ओळी होत्या, आणि त्यांतल्या एकीत ते होते. पाच.

‘‘आज तुम्ही बघणार म्हणून लावून ठेवले होते,’’ प्रेरणा मान वर न करता म्हणाली. ‘‘काढू का सर?’’

‘‘काढ,’’ तो म्हणाला.

तिनं ती ओळ पुसली. मेनू होता तिथंच राहिला, चित्राच्या वर, केसभरही हलला नाही.